फोन कोण करणार?

कारखाना बंद पडला की मागे काय उरतं, याची यादी करणं सोपं आहे. जमीन उरते, भंगार उरतं, कोर्टातले दावे उरतात. माणसंही उरतात, पण ती एका जागी राहत नाहीत. कुणी गावाकडे जातं, कुणी मुलाच्या शहरात, कुणी दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर. कारखाना मात्र त्यांच्या अंगात मुक्काम ठोकून असतो. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून आत गेल्यापासून त्यांचा आजार दिसेपर्यंत २०, ३०, कधी ४० वर्षं जातात. आजार डोकं वर काढतो तेव्हा मुकादम नसतो, कंपनीचा डॉक्टर नसतो, पुष्कळदा कंपनीच नसते.

आता समजा, सरकारने ठरवलं की या माणसांना शोधायचं आणि फुकट तपासायचं. पैसेही मंजूर झाले. तुमच्यासमोर कोरी एक्सेल शीट आहे आणि पहिला कॉलम भरायचाय: कामावर कुणाकुणाला घ्यायचं?

डॉक्टर, नर्स, एक्स-रे टेक्निशियन, रक्त घेणारा, डेटा एंट्रीवाला. बहुतेक याद्या इथे संपतात.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमची टीम आरोग्य तपासणीच्या अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बनवते. कुणाला कधी बोलवायचं, मशिनं किती, माणसं किती, हे जुळवत बसणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे अमेरिकेतल्या अणुबॉम्ब कारखान्यांच्या माजी कामगारांसाठी १९९६ मध्ये सुरू झालेल्या तपासणी कार्यक्रमाबद्दल वाचायला लागलो, तेव्हा माझं लक्ष आधी भरतीकडे गेलं. आणि वाचत गेलो तसं वाटायला लागलं की या कार्यक्रमाचा खरा इतिहास भरतीचाच आहे. मशीन आणि डॉक्टर पैसे देऊन मिळाले. अडलं होतं ते एका वेगळ्याच जागेपाशी: कामगाराला फोन कोण करणार?

पत्र पोहोचलं, पुढे काय?

ही गोष्ट अणुबॉम्बच्या आधीची आहे. सुरुवात होते रंगापासून. १८९५ मध्ये लुडविग रेन या जर्मन सर्जनने रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतोय, असं दाखवून दिलं. पुढच्या काही दशकांत संशयाचं बोट बीटा-नॅफ्थिलअमाइन या रसायनाकडे वळलं आणि तिथेच राहिलं. तरीही अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात एका कारखान्यात हे रसायन १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हाताळलं जात होतं.

तेव्हाची एक रीत आज ऐकायला विचित्र वाटते. संशोधक कंपनीचे हजेरीपट मिळवायचे, त्यातली नावं मृत्यूच्या नोंदींशी ताडून बघायचे, अमुक कारखान्यात कॅन्सर जास्त आहे असा पेपर छापायचे आणि काम संपायचं. ज्या माणसांचे आकडे त्या पेपरात असायचे, त्यांना कुणी काही सांगायचं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेने ऑगस्टामध्ये ही रीत मोडायचा प्रयोग केला. तिथल्या १,३८५ आजी-माजी कामगारांना शोधायचं, धोका कळवायचा आणि तपासणीला बोलवायचं.

कळवायचं म्हणजे पत्र पाठवायचं. क्षणभर त्या पत्राच्या दुसऱ्या टोकाला बसून बघा. तुम्ही कधीकाळी चार-सहा महिने तिथे मजुरी केली होती. आता दुसरीकडे काम करताय. घरी सरकारी शिक्का असलेला लिफाफा येतो आणि सांगतो की तुम्हाला कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त आहे. तुमचा ठरलेला डॉक्टर नाही. इंग्रजी येतं, पण पत्रातलं इंग्रजी येत नाही. तुम्ही कुणाला विचारणार? पत्र कळवतं, पण समोर बसून 'म्हणजे नक्की काय?' या प्रश्नाचं उत्तर देत नाही. त्यासाठी माणूस लागतो, आणि तो त्याच गावातला असला तर बरं.

ऑगस्टानंतर अमेरिकेत मागणी झाली की धोका असलेल्या सगळ्याच कामगारांना असं कळवणं सक्तीचं करा. तसं विधेयक १९८७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि १९८८ मध्ये सिनेटमध्ये अडकून मेलं. सगळ्यांसाठीचा कायदा काही झाला नाही. एका गटाला मात्र तो वेगळ्या वाटेने मिळाला. १९९३ या आर्थिक वर्षाच्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलम ३१६२ घातलं गेलं. अण्वस्त्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांतल्या ज्या माजी कामगारांच्या आरोग्याला मोठा धोका आहे, त्यांच्या वैद्यकीय तपासणीची सोय ऊर्जा विभागाने करावी, असं ते कलम सांगतं.

गुपितांचा कारखाना

हे कारखाने कसे होते, ते बघू. टेनेसीतलं ओक रिज, केंटकीतलं पडुका आणि ओहायोतलं पोर्ट्समथ, या तिन्ही ठिकाणी एकच काम चालायचं: युरेनियम हेक्साफ्लोराइडचा वायू बारीक छिद्रांच्या पडद्यांमधून हजारो टप्प्यांत ढकलायचा, म्हणजे हवं ते युरेनियम हळूहळू वेगळं होत जातं. ओक रिजचा के-२५ हा कारखाना १९४५ मध्ये सुरू झाला, पडुका १९५२ मध्ये आणि पोर्ट्समथ १९५४ मध्ये. किरणोत्सर्ग सगळ्यांना आठवतो, पण कामगारांच्या वाट्याला त्याखेरीज बरंच काही होतं: पाइपांवरचं अ‍ॅस्बेस्टॉस, फ्लोरिनची संयुगं, निकेलची पूड, बेरिलियम, यंत्रं धुवायची ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावणं आणि कान बधिर करणारा आवाज.

या कारखान्यांत पहिल्या दिवशी शिकवलेला धडा होता, तोंड बंद ठेवायचा. युद्धकाळात ओक रिजमध्ये मोठमोठे फलक लावले होते: इथे जे बघाल, ऐकाल, कराल, ते इथेच ठेवून घरी जा. आपण कशासाठी काम करतोय, हे तिथल्या हजारो लोकांना हिरोशिमावर बॉम्ब पडल्यावर कळलं. युद्ध संपलं, पण सवय गेली नाही. तीस वर्षं नोकरी केलेला माणूस बायकोला सांगायचा, 'प्लांटवर असतो.' डॉक्टरने कामाबद्दल विचारलं तर सांगायचा, 'ऑपरेटर होतो.'

आता डेटाबेसच्या नजरेने बघा. 'ऑपरेटर' या एका शब्दातून त्याने काय हुंगलं ते कळत नाही. 'मेकॅनिक' या शब्दातून तर त्याहून कमी, कारण मेकॅनिक प्रत्येक इमारतीत जातो आणि नेमका काहीतरी फुटलेलं असतं तेव्हाच जातो. कुठे कसली वाफ होती, याच्या लेखी नोंदी अपुऱ्या होत्या. खरी माहिती होती लोकांच्या डोक्यात, आणि त्या लोकांना बोलायची सवय नव्हती.

यात भर अविश्वासाची. बोलावणारा कोण? ऊर्जा विभाग. म्हणजे हे कारखाने ज्यांचे होते तेच. ऑगस्ट १९९९ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली की पडुकाला आलेल्या, अणुभट्टीत एकदा वापरून झालेल्या युरेनियममध्ये प्लुटोनियमचे अंश होते आणि कामगारांना त्याची कल्पना दिली गेली नव्हती. आता याच विभागाने 'या, तुमची तपासणी करतो' म्हटलं, तर कोण जाईल?

म्हणून रचनाच अशी केली गेली की पैसे विभागाचे, पण काम बाहेरच्यांचं. निरनिराळ्या कारखान्यांची जबाबदारी विद्यापीठं आणि कामगार संघटना यांच्या जोड्यांकडे गेली. वर सांगितलेल्या तीन कारखान्यांसाठी न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजचे डॉ. स्टीव्हन मार्कोविट्झ यांचा गट आणि तेल, रसायन व अणुउद्योगातल्या कामगारांची संघटना एकत्र आले.

कुणाला घेतलं?

तपासणी सुरू करण्याआधी त्यांनी नकाशे काढले. जुने कामगार गटागटाने टेबलाभोवती बसायचे, समोर इमारतीचा आराखडा, आणि आठवून आठवून खुणा करायच्या: इथे गळती व्हायची, इथे धूळ साचायची, इथे मुखवटा न लावता आम्ही पाइप कापायचो. आमच्या धंद्यात कागदपत्रं नसलेली जुनी सिस्टिम गळ्यात पडली की आम्ही ती लिहिणाऱ्याला शोधून काढतो आणि चहा पाजून सगळं वदवून घेतो. हे तेच होतं. फरक एवढाच की इथे कोडमधली चूक म्हणजे कुणाचं तरी फुप्फुस.

आणि मग खरा निर्णय आला. प्रत्येक ठिकाणी स्थानिक कार्यालय चालवायला, फोन करायला, लोकांना माहिती देणाऱ्या बैठका घ्यायला घेतलं कुणाला? त्याच कारखान्यात वर्षानुवर्षं काम केलेल्या कामगारांना. हौशी स्वयंसेवक म्हणून बोलावलं नाही. कार्यक्रमाच्या कामाचा भाग म्हणून, प्रशिक्षण देऊन घेतलं.

याचा फरक कुठे पडतो, ते एका कल्पित फोनवरून समजेल. कॉल सेंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणते, 'सर, तुम्ही मोफत तपासणीसाठी पात्र आहात.' पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. मीही ठेवला असता. आता दुसरा फोन. 'अरे, मी कॉम्प्रेसरच्या शॉपमध्ये होतो, तू रात्रपाळीला असायचास ना? खोकला कसा आहे?' हा फोन कुणी ठेवत नाही. आणि फोन कधी कधी त्याच्या बायकोने उचलला, आणि तो गेल्या वर्षी वारला असं कळलं, तर पुढचं वाक्य काय बोलायचं, हे लिहून दिलेल्या संवादाच्या कागदावर सापडत नाही. त्याच्यासोबत डबा खाल्लेल्या माणसाला ते सापडतं.

बांधकाम कामगारांचं कोडं आणखी अवघड होतं. सुतार, फिटर, वेल्डर, इन्सुलेशन चढवणारे हे लोक कारखान्याच्या पगारपत्रकावर कधी नव्हतेच. ते आज एका उपकंत्राटदाराकडे, तर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे. कारखान्याच्या कचेरीत त्यांची ओळख नाही, पण त्यांना कामावर पाठवणाऱ्या संघटनेच्या वह्यांत आहे. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम उभा राहिला, तोही बांधकाम संघटनांच्या आधाराने. कामाचा इतिहास विचारायला बांधकामातलीच माणसं प्रशिक्षण देऊन नेमली, आणि तपासणी कामगारांच्या घराजवळच्या दवाखान्यांत ठेवली, कारण हे लोक दूरवर पांगले होते.

'कामाचा इतिहास विचारणं' ऐकायला कारकुनी काम वाटतं. पण प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून असतं. 'अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला होता का?' असं विचारलं तर वायरमन म्हणेल, नाही. 'तू वायर ओढत होतास तेव्हा वरच्या परातीवर कोण होतं? ते पाइपवरचं जुनं वेष्टन ओरबाडत होते का? ती भुकटी कुठे पडायची?' असं विचारलं की तो हसतो आणि म्हणतो, 'माझ्या डोक्यावर.' हा दुसरा प्रश्न सुचायला एमबीबीएस लागत नाही. परातीखाली उभं राहिलेलं असावं लागतं.

फुंकायला लावणारी माणसं

म्हणजे उरलेल्या जागा कुणीही भराव्यात असं नाही. प्रत्येक जागेला तिचं कसब आहे, आणि ते ओळखायलाही अमेरिकेला वेळ लागला.

फुप्फुसाची ताकद मोजायचं यंत्र म्हणजे स्पायरोमीटर. माणूस नळीत फुंकतो, आकडा येतो. पण फुंकणारा अर्धवट फुंकला तर धडधाकट माणूस आजारी दिसतो. टेक्निशियनने समोर उभं राहून 'अजून, अजून, सोडू नका' असं ओरडावं लागतं आणि तीन चांगल्या फुंकरी मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. १९७८ मध्ये अमेरिकेने कापसाच्या धुळीबाबत नियम केला, तेव्हा त्यात ही चाचणी घेणाऱ्या टेक्निशियनने मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलेलं असावं अशी अट घातली. यंत्राबरोबर माणसाचीही परीक्षा, असा हा नियम.

एक्स-रेचंही तसंच. १९६९ च्या कायद्याने कोळसा खाणकामगारांचे एक्स-रे काढायला सुरुवात झाली, तेव्हा लक्षात आलं की एकच फिल्म बघून दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. धुळीमुळे होणारे बारीक ठिपके वाचायला रोजच्या सरावापेक्षा वेगळी नजर लागते. म्हणून नायोशने 'बी रीडर' ही परीक्षा सुरू केली. ती एकदा देऊन भागत नाही, ठराविक वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. अणुकारखान्यांच्या कार्यक्रमात एक्स-रे अशा वाचकांकडे जातात.

बेरिलियमची रक्ततपासणी आणखी नाजूक. त्यात रक्तातल्या जिवंत पेशी बेरिलियमवर कशा चिडतात ते बघतात. देशात अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या, आणि पेशी मरायच्या आत नमुना तिथे पोहोचायला हवा. शनिवार-रविवारी कुरिअर अडकलं तर नमुना वाया. म्हणजे रक्त कुठल्या वारी घ्यायचं, हे ठरवणारा वेळापत्रकवालाही निदानाचा भाग झाला. हे वाचताना माझ्या पेशाबद्दल मला जरा बरं वाटलं, हे लपवत नाही.

आणि या तपासणीचं मोल मोठं आहे. बेरिलियमने होणारा फुप्फुसाचा आजार आणि सारकॉइडोसिस हा दुसरा आजार दिसायला जवळजवळ सारखे. डॉक्टरला कामाचा इतिहास माहीत नसेल तर तो दुसरंच नाव लिहितो. आपल्याकडे सिलिकोसिसचं हेच होतं: दगडाच्या धुळीने फुप्फुस खराब झालेल्या माणसाला टीबीच्या गोळ्यांवर ठेवतात.

ट्रकवरचं मशीन

२००० साली पडुका, पोर्ट्समथ आणि ओक रिजच्या कार्यक्रमाने एक धाडस केलं. कमी डोसचा सीटी स्कॅनर ट्रकवर चढवला आणि कारखान्यांच्या गावी नेला. फुप्फुसाचा कॅन्सर साध्या एक्स-रेत दिसतो तोवर बहुधा उशीर झालेला असतो. सीटीत तो लहान असताना दिसू शकतो. हे खरंच जीव वाचवतं, असं ठामपणे सिद्ध झालं ते २०११ मध्ये, ५३ हजारांहून जास्त लोकांवरच्या मोठ्या चाचणीतून: एक्स-रेच्या तुलनेत फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. या कामगारांना ती सोय त्याच्या एक दशक आधी मिळू लागली होती.

मशीन ट्रकवर, बातमीत फोटो, सगळे खूश. इंजिनिअर म्हणून मला हा फोटो आवडतो. पण त्याच २०११ च्या चाचणीतला दुसरा आकडाही बघा. सीटीत काहीतरी दिसलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांना कॅन्सर नव्हता. जुना डाग, जुना संसर्ग, निरुपद्रवी गाठ. म्हणजे स्कॅन करून ट्रक निघून गेला तर मागे घाबरलेली माणसं सोडून जातो. प्रत्येकाला समजावणारा कुणी हवा, काही महिन्यांनी पुन्हा बोलावणारा हवा, आणि आला नाही तर का आला नाही ते बघणारा हवा. गाठ वाढली का, हे दोन स्कॅनमधल्या अंतरात कळतं. ते अंतर मशीन सांभाळत नाही.

या कार्यक्रमात उपचार मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. तपासणी फुकट, अहवाल घरी येतो, पुढचं तुमच्या डॉक्टरकडे. ठराविक वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलावतात. पण ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेने या कामगारांसाठी नुकसानभरपाईचा कायदा केला, आणि पात्र आजारासाठी दीड लाख डॉलरची रक्कम ठरवली. त्यानंतर 'मी कुठे काय काम केलं' हा नीट विचारून लिहून घेतलेला इतिहास नुसता वैद्यकीय कागद राहिला नाही. तो दाव्याचा आधार झाला.

एक शंका रास्त आहे. संघटनेचीच माणसं फोन करणार, तीच प्रश्न विचारणार, मग सगळ्यांच्याच माथी आजार मारला जाणार नाही का? माझ्या मते याचं उत्तर कामाच्या वाटणीत आहे. प्रश्नावली सगळ्यांना एकच. निदान डॉक्टरचं. फोन करणाऱ्याला अहवाल बघायची गरज नाही आणि अहवाल वाचणाऱ्याला फोन करायची गरज नाही. कुठल्याही नीट बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला कुठली खिडकी उघडते हे असंच ठरवतात. जवळचा माणूस आणतो, लांबचा माणूस तपासतो.

आणि आपल्याकडे?

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले अनेक परत आत गेलेच नाहीत. त्या संपावर आपल्याकडे नाटकं, सिनेमे, पुस्तकं झाली. गिरणगावच्या पोटाबद्दल आपण पुष्कळ बोललो, छातीबद्दल कमी.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराचं नाव बिसिनोसिस. त्याची खूण मोठी चमत्कारिक: सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. सगळ्यात जास्त धूळ ब्लो-रूम आणि कार्डिंगमध्ये, जिथे कापूस फोडतात आणि पिंजतात. साचाखात्यात त्या मानाने कमी. म्हणजे खातं माहीत असेल तर धोका माहीत असतो.

माझे आजोबा कार्डिंगमध्ये होते. शेवटची दहा वर्षं गावी ओटीवर बसून धापा टाकायचे. घरात सगळे म्हणायचे, विडी. तालुक्याच्या डॉक्टरनेही विचारलं, 'विडी ओढता?' ते 'हो' म्हणाले आणि चौकशी तिथे संपली. विडी खरीच होती. पण तुम्ही कुठल्या खात्यात होता, हा दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण तो विचारायचा असतो हे त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं.

कायद्याने आपण अगदी कोरे नाही. बिसिनोसिस कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांना आदेश दिला: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी त्याची नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवा. आजार उशिरा येतो, हे न्यायालयाला नीट कळलं होतं. पण नोंद कपाटात ठेवणं वेगळं, आणि निवृत्त माणसाला गावी फोन करून 'या, छाती बघू' म्हणणं वेगळं. त्या दुसऱ्या कामाची नेमणूक कुठल्याच आदेशात नाही.

माणसं सापडत नाहीत, ही सबब मुंबईपुरती तरी चालणार नाही. गिरण्यांच्या जमिनीवरच्या घरांसाठी सरकारने अर्ज मागवले, तेव्हा दीड लाखाहून जास्त कामगार आणि वारस पुढे आले. कोकणातून, साताऱ्याकडून, कोल्हापूरकडून. कुणी तिकीट काढून, कुणी जुनं ईएसआयचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून. त्यांना शोधायला, कागद जुळवायला मदत केली ती गिरणी कामगारांच्या संघटनांतल्या जुन्या लोकांनी. कुठल्या गावात कुठल्या गिरणीचे किती जण, हे त्यांना तोंडपाठ. बदली कामगाराकडे पुरावा नसेल तर तो कुणाच्या जागी उभा राहायचा, हेही त्यांनाच आठवतं. पडुकात ज्या माणसांना कार्यक्रमाने नोकरीवर घेतलं, ती माणसं आपल्याकडे आहेत. घरासाठी त्यांचा उपयोग झाला, छातीसाठी करून घेतला नाही.

करायचा झाला तर एक पथ्य पाळावं लागेल. आपल्याकडे दारोदार जाणाऱ्या कामाला पगार द्यायची पद्धत नाही. आशाताईंना विचारा. त्यांच्या कामाला सेवा म्हणतात आणि हातात मानधन ठेवतात. कामगाराला शोधणं, त्याच्याशी बोलणं आणि त्याच्याकडून खातं, मशीन, पाळी वदवून घेणं, हे कार्यक्रमाचं मुख्य काम आहे असं मानलं, तर बजेटमध्ये ती ओळ एक्स-रे मशीनच्या वर हवी, आणि तिथे पगार लिहिलेला हवा.

घाई आहे. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. त्याला शिकवणारा जॉबर बहुधा राहिलेला नाही. दहा वर्षांनी मशिनं याहून चांगली मिळतील, पण अमुक गिरणीच्या ब्लो-रूममध्ये धूळ ओढणारा पंखा कुठल्या साली बंद पडला हे सांगणारा कुणी मिळणार नाही. आणि गोष्ट गिरण्यांवर थांबत नाही. तारापूर, पाताळगंगा, लोटे इथे आज कंत्राटावर ड्रम उचलणारी पोरं माझ्या वयाची आहेत. त्यांची नावं कंपनीच्या यादीत नाहीत. २०५० मध्ये त्यांना कुणी शोधायचं ठरवलं तर वही कुणाकडे असेल?

सरकारी कार्यक्रम येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या घरात, चाळीत, गावात असा कुणी म्हातारा माणूस असेल तर खिशातला फोन काढा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा: कुठला कारखाना, कुठलं खातं, कुठलं मशीन, किती वर्षं, धूळ कसली होती, शेजारी कोण असायचं, सुट्टीनंतर छाती भरून यायची का. ते सगळं एका कागदावर उतरवून त्यांच्या औषधांच्या फाइलमध्ये वरती लावा, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टर 'विडी ओढता?' एवढं विचारून थांबणार नाही.